मरणाचे कारण : आनंद

केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची एक छोटीशी कथा आहे, छापील दोन-तीन पानांची. १८९४ च्या डिसेंबरात ती 'व्होग'मध्ये प्रथम आली तेव्हा तिचे नाव 'एका तासाचे स्वप्न' अशा अर्थाचे होते. पुढे ती 'एका तासाची गोष्ट' म्हणून जगभर पोचली. आपल्यापैकी अनेकींनी ती कुठल्या ना कुठल्या शिबिरात ऐकली असेल. ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

लुईझ मॅलर्ड ही हृदयाचे दुखणे असलेली बाई. रेल्वेच्या अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. तिच्या हृदयाला जपायचे म्हणून बहीण ती हळूहळू, आडवळणाने सांगते. नवऱ्याचा मित्रही सोबत असतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत मृतांच्या यादीत पहिले नाव त्यानेच पाहिलेले असते आणि दुसरी तार येईपर्यंत थांबून खात्रीही करून घेतलेली असते. लुईझ बहिणीच्या कुशीत रडून घेते आणि मग एकटीच वरच्या खोलीत जाऊन खिडकीपाशी बसते. बाहेर वसंत आलेला आहे, पाऊस पडून गेला आहे, चिमण्या बोलताहेत. तिच्या आत काहीतरी येऊ लागते. ती आधी त्याला अडवते, मग ओळखते. ती सुटली आहे. नवरा वाईट नव्हता, त्याचे तिच्यावर प्रेम होते, अंत्यविधीच्या वेळी आपण पुन्हा रडणार हेही तिला ठाऊक आहे. पण त्यापुढची वर्षे तिची स्वतःची असणार. कालपर्यंत आयुष्य लांबेल या विचाराने जिला कापरे भरत होते, ती आता दीर्घायुष्य मागते. ती खाली उतरते आणि दार किल्लीने उघडून नवरा आत येतो. तो अपघाताच्या जागेपासून दूरच होता, त्याला काही ठाऊकही नव्हते. लुईझ कोसळते. डॉक्टर येतात आणि सांगतात की हृदय दुबळे होते, त्याला एवढा आनंद पेलला नाही.

या कथेतला उपरोध समजावताना साधारणपणे असे सांगतात की नवरा मेला असे समजून जगू लागलेली बाई नवरा जिवंत आहे हे पाहून मरते. बरोबरच आहे. आपल्याकडे याला दैवाने मांडलेली थट्टा म्हणतील. पण माझ्या मते कथेचा खरा डंख तिच्या मरणात नसून डॉक्टरांच्या निदानात आहे. त्या घरात जमलेल्या माणसांत एकही दुष्ट नाही. बहीण मायाळू आहे, मित्र काळजी घेणारा आहे, नवरा प्रेमळ आहे, डॉक्टर आपापल्या कामात चोख असतील. आणि त्यांच्यापैकी एकालाही तिच्या मनात काय होते याचा पत्ता नाही. ती बंद दारामागे जगली तो तास वाचणाऱ्यालाच ठाऊक. बाकी सगळ्यांनी मिळून तिच्या मरणाला एक कारण दिले आणि ते कारण नेमके उलटे होते. बाई गेली, आणि 'नवऱ्यावर जीव असलेली बायको' असा शेरा तिच्या नावापुढे कायमचा लागला.

शोपॅनला हे विश्व आतून माहीत होते. तिचे वडील १८५५ मध्ये रेल्वेच्या पूल-अपघातात गेले, तेव्हा ती लहान मुलगी होती. त्यानंतर ती आई, आजी, पणजी अशा विधवांच्या घरात वाढली. १८८२ मध्ये तिचा स्वतःचा नवरा हिवतापाने गेला. पदरात सहा मुले आणि त्याच्या धंद्याचे कर्ज ठेवून गेला, तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. काही काळ त्याचा धंदा तिने स्वतः सांभाळला आणि नंतर लिहायला लागली.

ही कथा मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही पाड्यांवर, बचत गटाच्या बैठकींत सांगितली आहे. वाचून दाखवली नाही; गोष्ट सांगतात तशी सांगितली. आगगाडी तशीच ठेवली. शहापूरच्या बायांना आसनगाव, खर्डी, कसारा ही रोजची स्टेशने. मुरबाडला आजही रेल्वे नाही, पण कल्याणला जाऊन गाडी धरलेली बाई प्रत्येक बैठकीत असतेच. तारेच्या जागी मोबाइल आला एवढेच.

'शिकल्या-सवरल्या, खाऊनपिऊन सुखी बाईची ही गोष्ट, आमच्या बायांना काय तिचे?' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. त्यांनी एकदा ती सांगून पाहावी. लुईझ खिडकीपाशी बसते तिथपर्यंत बाया ऐकत असतात. ती सुटली असे तिला वाटते तिथे बैठकीत एकदम शांतता होते, कुणी कुणाकडे बघत नाही. मग कुणीतरी एक, बहुधा वयाने मोठी, पदर तोंडाशी धरून हसते. ते हसणे मी चार-पाच ठिकाणी पाहिले आहे. एकीने म्हटले, "तिला एक तास तरी मिळाला." दुसरी म्हणाली की लिहिणारी शेवटी घाबरली, बाईला जगवायचे धाडस तिला झाले नाही. समीक्षेच्या पुस्तकांतून यावर पानेच्या पाने आहेत. त्या बाईने ते एका दमात सांगून टाकले.

पण मला लिहायला लावले ते तिसऱ्या एकीच्या बोलण्याने. ती म्हणाली, "त्यो दारात आला म्हनून ती मेली. माझा बारा वरसं दारात नाय, पन मेला बी नाय. मी काय करू?"

कथा इथे उलटी होते. लुईझचा नवरा कागदावर मेला होता आणि देहाने परत आला. आमच्याकडे शेकडो जणींचा नवरा देहाने केव्हाच गेला आहे आणि कागदावर ठाण मांडून बसला आहे. तो भिवंडीकडे किंवा कल्याणच्या पलीकडे दुसरीबरोबर राहतो, गावजत्रेत दिसतो, मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखा येऊन जेवून जातो. त्याने दारात उभे राहण्याचीसुद्धा गरज नाही.

सरकारी कचेरीत बाईची ओळख दोन दाखल्यांवर ठरते : नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा. टाकलेल्या बाईकडे दोन्ही नसतात. सात वर्षे ज्याची काही खबरबात नाही तो मेला असे धरता येते, हे पूर्वीच्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण आमच्या बाईच्या नवऱ्याची खबर सगळ्या गावाला असते. तो बेपत्ता नाही, मेलेला नाही, सोडलेला नाही आणि नवरा तर अजिबातच नाही. या अवस्थेला मराठीत परित्यक्ता असा भारदस्त शब्द आपण चळवळीने रूढ केला. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, त्यातून पुढे बरेच काही उभे राहिले. शब्द शासकीय अर्जांत पोचला. पण शब्द सिद्ध कसा करायचा हा प्रश्न तसाच राहिला.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे उदाहरण ताजे आहे. २०२४ मध्ये ती आली तेव्हा पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्त्याही होत्या. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात यायचे, दरमहा पंधराशे. योजनेबद्दल माझी मते काहीही असोत, पासबुकावर फक्त आपले नाव पाहून बायांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी नाकारणार नाही. मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आले आणि त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक व त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. बहिणीला भावाने ओवाळणी घालायची आणि त्यासाठी तिने आधी नवऱ्याला फोन करायचा! बारा वर्षे ज्याने फोन उचलला नाही त्याला 'सहा आकडे सांग' म्हणून विनवायचे. काही जणींनी ते केले. एकीच्या नवऱ्याने आकडा सांगायचे निम्मे पैसे मागितले. ओरड झाल्यावर मुदत वाढली, आणि ज्यांचे पती व वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे त्यांना दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सवलत मिळाली. म्हणजे पुन्हा तेच दोन दाखले. टाकलेली बाई पुन्हा दोन खुर्च्यांच्या मधे.

आदिवासी बाईच्या बाबतीत ही थट्टा आणखी एक पायरी खाली उतरते. आमच्या भागातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्यात विधवेने किंवा सोडलेल्या बाईने पाट लावण्याला समाजाची मान्यता पूर्वीपासून आहे. ज्या काळात पुण्या-मुंबईचे उच्चवर्णीय सुधारक विधवाविवाहासाठी शास्त्राधार शोधत होते, त्या काळात इथल्या पाड्यांवर पाट लागत होते. जमत नसेल तर पंचांसमोर काडीमोड होते. गवताची काडी मोडली, संबंध संपला. देज घेतले असेल तर ते परत करायचे. बाईने दुसरा केला तर बहुतेक वेळा तो दुसरा ते भरतो. या रीतीला मी डोक्यावर घेत नाही. पंचांचा दंड आणि दारू यांत किती बायांचे नुकसान झाले हे पाहिले आहे. पण सुटण्याची वाट होती आणि ती बाईलाही खुली होती. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे कायदा म्हणतो, तुमची रीत तुमच्यापाशी. आणि टेबलापलीकडचा कारकून म्हणतो, कोर्टाचा कागद आणा. ज्या समाजात बाईला सुटणे तुलनेने सोपे होते, त्याच समाजातली बाई कागदावर सर्वांत पक्की बांधलेली राहते.

इथे मला रखमाबाई आठवतात. आईच्या दुसऱ्या लग्नापासूनच. रखमाबाईंची आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाली आणि तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला मनाई नव्हती म्हणून ते होऊ शकले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावले गेले. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. तो अपिलात फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजींना दोन हजार रुपये मिळाले. हायकोर्ट असो की पाडा, बाईच्या सुटकेचे देज कुणाला तरी चुकवावेच लागते.

रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. शोपॅनच्या कथेतले डॉक्टर बाईच्या हृदयाविषयी चुकीचे निदान करतात, ते हेच साल. परत येऊन त्यांनी सुरतेला आणि मग राजकोटला वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारले. आणि त्यानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली.

ज्या पुरुषाचे घर तुरुंगापेक्षा वाईट मानले, त्याच्या नावाने पांढरे लुगडे? अभ्यासवर्गात हे सांगितले की पहिली प्रतिक्रिया नाराजीची येते. मग कारणे सुरू होतात. कुणी म्हणते, जुन्या वळणाच्या रुग्णांत वावरायचे म्हणून. कुणी म्हणते, संस्कार सुटत नाहीत. कुणी म्हणते, 'नवरा सोडलेली' म्हणून पाहणाऱ्या समाजात 'विधवा' हे अधिक निर्धास्त स्थान होते. हे तिसरे मला पटते, कारण आमच्याकडेही टाकलेल्या बाया परक्या गावी कामाला गेल्या की नवरा वारला असे सांगतात. मंगळसूत्र काढून ठेवतात आणि एका शब्दात निम्मे प्रश्न मिटवतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही आवाहन केले. चांगलेच झाले. पण ज्या बायांना वैधव्याची आडोशासारखी गरज पडते त्या त्या परिपत्रकात कुठे बसतात, हे कुणी विचारले नाही. तरीही रखमाबाईंच्या मनात काय होते हे माझे पटणे ठरवू शकत नाही. आपण सगळ्या मिळून त्यांच्या लुगड्याला कारण देऊ लागलो की आपणही त्या खोलीतले डॉक्टर होतो.

आणि हीच गोष्ट मला स्त्री-संघटनांच्या कामाबद्दल म्हणायची आहे. समुपदेशन केंद्रांचे छापील अर्ज पाहा. 'त्रासाचे स्वरूप' या सदराखाली चौकटी असतात : मारहाण, दारू, संशय, हुंडा, दुसरी बाई, खर्चाला पैसे न देणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हिंसेची व्याख्या रुंद केली आणि तो आपल्याच चळवळीचा विजय आहे. पण लुईझ मॅलर्ड उद्या केंद्रात आली तर कुठल्या चौकटीत खूण करायची? तिचा नवरा मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या एकाची बायको मला म्हणाली, "ताई, त्यांची रात्रपाळी असते तो आठवडा मला बरा जातो." याच्यापुढे तिला काही म्हणायचे नव्हते. सोडायचे नव्हते, तक्रार नव्हती. रात्री दिवा हवा तेव्हा मालवावा, भात कमी शिजवावा, पाय पसरून निजावे. महिन्यातला तो एक आठवडा तिचा असतो. तिच्या बोलण्याला 'लैंगिक त्रास' किंवा 'मानसिक छळ' असे नाव देऊन फाइल उघडणे सोपे आहे. तिला समजावून परत पाठवणे त्याहून सोपे. दोन्हींत कारण आपणच लिहितो.

शोपॅनच्या कथेचे मोठेपण हे की तिने नवऱ्याला खलनायक केले नाही. केला असता तर आपली सोय झाली असती. दुष्ट नवरा मेला, बाई सुटली, वाचणारा खूश. चांगल्या नवऱ्याच्या जाण्यानेही बाईला मोकळे वाटू शकते, म्हणजे प्रश्न त्या माणसाच्या स्वभावाचा उरत नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या आयुष्याची दिशा ठरवायची, प्रेमाने का होईना, या रचनेचा होतो. आमच्या बायांना हे समजायला सिद्धान्त लागत नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नाच्या कर्जापायी आदिवासी जोडपे सावकार-जमीनदाराकडे राबत राही, नवऱ्याबरोबर बायकोही. १९४५ च्या वारल्यांच्या उठावात ती पद्धत मोडण्याची मागणी पुढे होती, गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ती सगळी हकिगत लिहिली आहे. १९७६ मध्ये वेठबिगारीविरोधी कायदा झाला. तरी आजही लग्नासाठी वीटभट्टीवाल्याचा बयाणा उचलणारी कातकरी कुटुंबे आहेत. बयाणा नवऱ्याच्या नावावर, विटा दोघांनी पाडायच्या. आणि तो निघून गेला तर एकट्या बाईला भट्टीवर सहसा कुणी घेत नाही. तिथेही जोडीच लागते.

मग करायचे काय? एक मार्ग मला दिसतो, तो चर्चेसाठी मांडते. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी आणि तंटे मिटवण्याच्या पद्धती जपण्याचा अधिकार दिला आहे. आजवर आपण तो जल-जंगल-जमिनीपुरता वापरला. काडीमोड आणि टाकलेपण यांची नोंद ग्रामसभेच्या वहीत का होऊ नये? झालेल्या काडीमोडीची तारीख लिहावी, आणि बाईने स्वतः दिलेले निवेदन तिच्याच शब्दांत उतरवून त्याची सही-शिक्क्याची नक्कल तिला द्यावी. तहसीलने ती पुरावा म्हणून धरावी. पुरुषांनी भरलेल्या सभेत बाईला उभे करून 'का सोडले' विचारण्याचा धोका आहेच. म्हणून ही नोंद ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत व्हावी आणि त्यात कारणाचा रकाना असूच नये, असे माझे मत आहे. कुणापासून, केव्हापासून, आणि आता घर कोण चालवते, एवढे पुरे. कारण सांगायचे असेल तर ती सांगेल.

यावर आमच्याच गटात मतभेद आहेत. काहींना भीती वाटते की पंचांच्या हातात आणखी एक वही जाईल. काहींचे म्हणणे, फक्त स्वयंघोषणापत्रावर भागले पाहिजे, ग्रामसभेचा शिक्का तरी कशाला. बिगरआदिवासी कुणबी-आगरी बायांना पेसाचा आधार नाही, त्यांच्यासाठी वेगळी वाट शोधावी लागेल हेही खरे. नंदुरबार, गडचिरोली, नाशिक, पालघर इथल्या गटांनी असा दाखला ग्रामसभेकडून कधी मिळवला असेल, तहसीलने तो मानला किंवा फेकून दिला असेल, तर त्याचा मसुदा आणि अनुभव अंकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावा. शहापूरच्या दोन पाड्यांवर महिला ग्रामसभेपुढे हा विषय ठेवायचे ठरले आहे, त्याआधी तो हाताशी असला तर बरे.